गाळ ओला असतानाच

सांगलीच्या गावभागातलं एक किराणा दुकान. जुलैचे शेवटचे दिवस, पाऊस चार दिवस उघडलेला नाही, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी तीस फुटांच्या पुढं सरकलेलं. दुकानाचे मालक आणि एक गिऱ्हाईक खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलत होते. धरणात पाणी किती मीटरवर धरलंय, विसर्ग किती लाख क्युसेक आहे, इकडं कोयनेचे दरवाजे उघडायला उशीर का झाला, सगळं दोघांना तोंडपाठ. बोलणं उगीचचंही नव्हतं. आकडे बरोबर होते, रागही रास्त होता. त्या अर्ध्या तासात दुकानात कामाला असलेला पोरगा जमिनीवरची साखरेची पोती माळ्यावर चढवत होता. पन्नास किलोचं पोतं एकट्याला उचलत नाही, म्हणून तो पोत्याची शिवण उसवून निम्मी साखर पत्र्याच्या डब्यांत ओतायचा आणि उरलेलं निम्मं खांद्यावर घ्यायचा. मालकांचं लक्ष गेलं तेव्हा ते म्हणाले, "आरं थांब की जरा, अजून चाळीस तरी हुंदे." पोरगा हूं म्हणाला आणि पुढचं पोतं उसवायला बसला.

पुढं त्या दुकानात पाणी शिरलं की नाही, हे इथं महत्त्वाचं नाही. खटकत राहिलं ते दुसरंच. मालक आणि पोरगा या दोघांतलं शहाणं कोण, याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. मालकांना पूर का येतो ते ठाऊक होतं. पोराला गेल्या खेपेला पाणी कुठल्या फळीला लागलं होतं तेवढं ठाऊक होतं. माहिती दोघांकडंही होती. एकाच्या माहितीनं पोतं हलत होतं, दुसऱ्याच्या माहितीनं हलत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

२००५, २०१९ आणि २०२१. सांगलीत ही तीन सालं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नाच्या वर गेलं, हे शाळकरी पोरंही सांगतात. कारणंही तशीच पाठ आहेत. महाबळेश्वर-नवजाचा पाऊस, कोयना आणि वारणेचा विसर्ग एकाच वेळी येणं, हरिपूरच्या संगमावर वारणेनं कृष्णेला आणि पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगेनं मारलेला अडसर, सांगलीच्या खाली नदीचा सपाट, वळणावळणाचा उतार, पुलांचे मातीचे भराव, पूररेषेच्या आत उठलेल्या इमारती, बुजवलेले ओढे, आणि अलमट्टी. यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं आहे. म्हणूनच हा वाद मिटत नाही. २०१९नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, तिचा अहवाल आला, त्यावर आक्षेप आले, आणि कट्ट्यावरची चर्चा होती तिथंच राहिली. एका वाक्यात उत्तर मिळेल असा हा प्रश्नच नाही. तरी दर पावसाळ्यात तो पहिल्यापासून सुरू होतो, कारण त्यात एक दिलासा आहे. दोष कुणाचा हे ठरलं की आपल्या हातात काही नव्हतं, हेही ठरून जातं. डोक्यावरून पाणी गेलेल्या माणसाला तेवढा दिलासा नाकारावा असं मला वाटत नाही. फक्त त्याची वेळ चुकते.

गाळ थांबत नाही.

कृष्णेचा पूर ओसरताना मागं जो गाळ सोडतो तो काळ्या रानातला असतो, मैद्यासारखा बारीक आणि चिकट. ओला असताना तो पाण्याबरोबर वाहतो. दोन दिवस ऊन लागलं की त्याला भेगा पडतात आणि प्रत्येक भेगेमधली ढेप फावड्यानं उकरावी लागते. फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीखाली, ग्रिलच्या नक्षीत बसलेला तर छिन्नीशिवाय निघत नाही. म्हणून पाणी ओसरायला लागलं आणि घरात घोट्याएवढं किंवा नडगीएवढं उरलं, की तेच पाणी वापरायचं. खराट्यानं तळ ढवळायचा, गाळ पाण्यात उठवायचा आणि उतरत्या पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. सुरुवात सगळ्यांत मागच्या खोलीपासून, शेवट उंबऱ्याशी. वरचं आधी, खालचं नंतर: फळ्या, ओटा, कोनाडे, मग जमीन. पहिल्या दोन धुण्यांना नदीचं गढूळ पाणी चालतं. स्वच्छ पाणी शेवटच्या खळखळीसाठी राखून ठेवायचं, कारण पुरानंतरचे काही दिवस नळाला पाणी नसतं आणि टँकर कुठल्या बोळात शिरेल याचा भरवसा नसतो. चार माणसं, दोन खराटे, एक रबराचा वायपर आणि एक फावडं असेल तर दोन खोल्या एका दुपारी निघतात. तेच काम चार दिवसांनी काढलं तर त्याला दोन-तीन दिवस आणि दुप्पट माणसं लागतात. इथं गाळ गटारीत ढकलण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तो आवरायचा. गटार तुंबली की पुढच्या सरीचं पाणी पुन्हा त्याच घरात येतं. गाळ रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवायचा. जेसीबी आणि ट्रॉली येतात, उशिरा का होईना.

हे काम सुरू असतानाच गल्लीत एक दुसरा पेच उभा राहतो. चिखल काढला तर पंचनाम्याला काय दाखवायचं? २०१९ला सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार होतं, त्यातले पाच हजार रोख. त्या रकमेसाठी भिजलेली गादी, फुगलेलं कपाट आणि गुडघाभर चिखल तसाच ठेवून तलाठ्याची वाट बघत बसलेली घरं असतात. हसण्यासारखं यात काही नाही; ज्याचं सगळं गेलंय त्याला पुरावाही जाईल ही भीती वाटणारच. पण वाट बघण्याच्या त्या चार दिवसांत जे नासतं त्याची किंमत बहुतेक वेळा मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असते. उपाय साधा आहे. काही हलवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे चार कोपरे टिपायचे, भिंतीवर पाण्याची रेघ दिसेल असं; त्या रेघेशी टेप धरून एक फोटो; प्रत्येक मोठ्या वस्तूचा वेगळा, आणि फ्रिज-वॉशिंग मशीनच्या पाठीमागच्या नंबरपट्टीचा जवळून. फेकायच्या वस्तूंची यादी वहीत लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवायचं. एवढं करायला तास-दीड तास पुरतो, आणि मग खराटा हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या तासाभरात घरात फिरताना काठी सोबत असावी. पुरात माणसं गच्चीवर जातात तसे सापही उंच जागा शोधतात: माळा, लॉफ्ट, कपाटाचा वरचा खण, गादीची गुंडाळी. हात घालण्याआधी काठीनं ठोकायचं. पायात गमबूट, कारण चिखलाखाली फुटलेल्या काचा असतात आणि जखमेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू शिरतो. चिखलात काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घ्याव्यात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बघून ठेवावं. फ्रिज बहुधा जागेवर नसतो. तो तरंगतो आणि पाणी उतरताना नेमका दारात आडवा होऊन बसतो. रिकामा सिलिंडरही तरंगतो. म्हणूनच घर सोडताना फ्रिज आणि सिलिंडर खिडकीच्या गजांना दोरीनं बांधायचे, रेग्युलेटर काढून ठेवायचा आणि आतली सगळी दारं सताड उघडी ठेवायची. बंद दारामागं गाळ साचला की दार फोडावं लागतं. पाणीही बरेचदा नदीच्या बाजूनं येत नाही, शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून आणि संडासाच्या भांड्यातून मागून येतं. भांड्यावर आणि न्हाणीच्या जाळीवर वाळूची पिशवी ठेवली तर निदान घाण वर उसळत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सगळ्यांत आधी पाणी लागणाऱ्या वस्त्यांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते "आमच्याकडं कधी येत नाही" म्हणणाऱ्या उपनगरांत.

वीज हा धीराचा भाग. मेन स्विच बंद असला तरी इन्व्हर्टर चालू असू शकतो हे घाईत विसरलं जातं. आधी त्याच्या बॅटरीची वायर सोडवायची, तीही वायरमनकडून. पाण्याखाली गेलेले स्विच, प्लग, एमसीबी वाळवून वापरू नयेत. आतल्या पितळी पट्ट्यांवर गाळाचा थर राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथं ठिणगी पडते. भिंतीतल्या पाइपमधली वायर मात्र वाचू शकते. बोर्ड उघडून स्वच्छ पाण्यानं धुवायचे, पाइपमधलं पाणी ओघळू द्यायचं, आठवडाभर उघडे ठेवायचे, आणि मग मेगर या मीटरनं वायरचं इन्सुलेशन तपासायचं. एक मेगाओमच्या वर आकडा आला तर ठीक, खाली आला तर अजून ओल आहे. बुडालेली मोटर चालू करून बघणं हा सगळ्यांत महागडा उतावीळपणा. ती उघडून गोड्या पाण्यानं धुतली, वाळवली, बेअरिंग बदललं, तर बऱ्याचदा वाइंडिंग वाचतं. बटण दाबलं की जळतं. मोटारसायकलीचंही तेच. किक मारण्याआधी ऑइल काढून बघायचं, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. प्लग काढून किक मारत सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे, नवं ऑइल भरून थोडा वेळ चालवायचं आणि तेही काढून पुन्हा नवं भरायचं.

पुरानंतर सांगलीला जो वास येतो त्याची फोड करता येत नाही. गटार, रॉकेल, कुजलेला तांदूळ, मेलेली जनावरं, आणि बाजारपेठेच्या बाजूला गेलं की विरघळलेला गूळ आणि भिजलेली हळद. हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी भरलेली पाहिली आहेत त्यांना तो हळदीचा वास वेगळा ओळखू येतो. जमिनीखालची ती कोठारं वर्षानुवर्षं हळद कोरडी ठेवायची. २००५च्या पाण्यानं त्यांतली बरीचशी कायमची निकामी केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना संसार काढून टाकलेले असतात, आणि कुणाच्या घरात काय होतं हे अख्ख्या गल्लीला दिसतं. लग्नातली पितळी भांडी, पोरांची प्रमाणपत्रं, कधीच न वापरलेली पैठणी, आतून शेवाळलेला मिक्सर. त्या उघडेपणाची लाज पाण्यापेक्षा जास्त टोचते असं बायका बोलून दाखवतात. पुरुष त्या वेळी चौकात उभे राहून क्युसेक मोजत असतात. अगदी सगळे नाहीत, पण पुष्कळ. हे कामचुकारपणाच असतं असं नाही. आतल्या खोलीत शिरून ती भिजलेली ट्रंक उघडण्यापेक्षा अलमट्टीवर बोलणं सोपं असतं.

त्या ट्रंकेत कागद असतात. भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, त्यामुळं गाळानंतर लगेच हात लागायला हवा तो कागदांना. पहिली गोष्ट, चिकटलेली पानं ओढून सुटी करायची नाहीत. वही किंवा फाइल बंद ठेवूनच स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात हलक्या हातानं बुडवून बाहेरचा गाळ काढायचा. आत्ता वाळवायला वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एखाद्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. गोठलेला कागद महिनाभरही तसाच राहतो आणि मग सवडीनं थोडाथोडा बाहेर काढता येतो. पूर न आलेल्या भागातला आइस्क्रीमवाला इथं उपयोगी पडतो. वाळवताना दर दहा-पंधरा पानांत कोरा, न छापलेला कागद घालायचा, तो दमट झाला की बदलायचा, पंख्याचा वारा वरून द्यायचा. ऊन द्यायचं नाही. उन्हात कागद वळतो आणि शाई उडते. सातबारा, फेरफार, जन्मदाखला यांच्या नकला पुन्हा निघतात, त्यामुळं त्यांच्यासाठी जीव काढू नये. आधी वाचवायचं ते ज्याची नक्कल नाही किंवा सहज मिळत नाही ते: जुनं खरेदीखत, हातानं लिहिलेली हिशेबाची वही, फोटो. फोटो चिकटले असतील तर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवायचे, आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर करून, कशालाही न टेकवता वाळवायचे. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र सुरक्षित आहे हा समज खोटा. कडेनं पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. एक कड कापून ते मोकळं करावं लागतं. २०१९ला नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, तेव्हा अख्ख्या गावाला कळलं की कागद वाचवायलाही माणसं आणि जागा लागते, आणि ती आधी ठरवून ठेवावी लागते.

भिंतींच्या बाबतीत उलटं शहाणपण लागतं. तिथं घाई घातक. गावभागातल्या जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाणी चढताना सहसा पडत नाहीत, उतरल्यावर पडतात. आत मुरलेल्या पाण्यानं भिंत जड आणि मऊ झालेली असते, आणि बाहेरून तिला रेटून धरणारं पाणी निघून गेलेलं असतं. म्हणून पाणी उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस अशा घरात झोपू नये, पोट आलेल्या भिंतीला वासे लावून टेकू द्यावा. तळघराचंही तसंच. बाहेरची जमीन पाण्यानं भरलेली असताना पंप लावून तळघर एका दिवसात कोरडं केलं तर बाहेरचा दाब भिंतीला आत ढकलतो. दोन-तीन फूट पाणी काढायचं, भिंतीवर खूण करायची, रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर जमिनीतलं पाणी अजून उतरलेलं नाही, तेव्हा पुन्हा थांबायचं. रंगाचा मोह दिवाळीच्या तोंडावर होतो. आत ओल असताना ऑइल पेंट मारला की फुगे येतात, पापुद्रे सुटतात, लोणा बाहेर फुटतो, आणि तो खर्च पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो. पहिलं वर्ष चुन्यावर काढावं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, बुरशीला आवरतो आणि स्वस्तही पडतो.

विहिरीचा हिशेब मात्र तोंडी करून चालत नाही. आधी गढूळ पाणी उपसायचं, तेही सावकाश, कारण जुन्या दगडी विहिरीचं बांधकामही तळघरासारखंच आत येऊ शकतं. मग पाणी मोजायचं: व्यास फुटांत, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५ म्हणजे घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर. दहा फूट व्यास आणि पंधरा फूट पाणी असलेल्या विहिरीत साधारण ३३ हजार लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, म्हणजे या विहिरीला ८० ते ८५ ग्रॅम. पुरानंतरच्या पहिल्या वेळी दुप्पटही लागते. पावडर कोरडीच आत फेकली तर तरंगते आणि वाया जाते. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतायचं. ती बादली दोरानं विहिरीत सोडून वरखाली हिंदकळायची. तासाभरानं ओटी टेस्ट: नळीत पाणी, त्यात थेंब, आणि पिवळी झाक आली तर क्लोरीन शिल्लक आहे. आली नाही तर पुन्हा पावडर. फोडून ठेवलेल्या जुन्या पोत्यातल्या पावडरीत दम उरलेला नसतो, त्यामुळं मापात बरोबर टाकूनही टेस्ट येत नाही. घरात तीच पावडर वापरताना गाळ आधी निघालेला हवा, नाहीतर घाणच सगळा क्लोरीन खाऊन टाकते. आणि तिच्यावर फरशीचं ॲसिड कधीही ओतू नये, विषारी वायू निघतो.

इतकं सगळं सांगितलं तरी एक गोष्ट घशात अडकते. "कारणं उगाळत बसू नका, कामाला लागा" हे वाक्य सांगलीत कोण म्हणतं ते बघितलं पाहिजे. ते उसवलेलं पोतं खांद्यावर घेणाऱ्या पोरानं म्हटलं तर एक अर्थ होतो. ज्यांच्या सहीनं नाल्यावर इमारत उभी राहिली त्यांनी म्हटलं तर दुसरा. लोकांनी निमूट चिखल काढावा आणि पुढच्या पुराला पुन्हा निमूट काढावा, यात पुष्कळ जणांची सोय आहे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, प्लॉट पाडून विकणाऱ्याला 'का' हा प्रश्न नकोच असतो. त्यामुळं कारण विचारूच नये, असं माझं म्हणणं नाही. ज्या उत्तरानं एखादा प्लग वर सरकतो, एखादा ओढा मोकळा होतो, एखाद्या नकाशावर हरकत दाखल होते, ते उत्तर शोधण्यात घातलेला वेळ वाया जात नाही. ज्यातून फक्त शिवी निघते ते उत्तर कितीही खरं असलं तरी पोतं जमिनीवरच राहतं.

याच जिल्ह्याच्या कोरड्या बाजूला याचं चांगलं उदाहरण आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदी आटली तेव्हा लोकांनी ती का आटली हे खोदून विचारलं. दुष्काळ तर होताच, पण ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते, आणि वाळू गेल्यावर पाणी धरून ठेवायला पात्रात काही उरत नव्हतं. हे कळल्यावर बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या सोबतीनं ठेकेदारांना अडवलं, आणि तिथंच थांबले नाहीत. मर्यादित वाळू आपण विकू आणि त्या पैशातून आपणच बंधारा बांधू, हा हक्क त्यांनी मागितला. ऐंशीच्या दशकात त्यातून बळीराजा धरण उभं राहिलं, पाणी भूमिहीनांनाही समान वाटायचं या ठरावासकट. ज्या वाळूमुळं नदी गेली तीच वाळू त्यांनी धरणाचं भांडवल केली. तिथं कारण आणि काम यांची फारकत झाली नाही, म्हणून मला ते उदाहरण पूरग्रस्त गल्लीत वारंवार आठवतं.

शेताकडं पूर वेगळी भाषा बोलतो. उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बहुधा तरतो. पोंग्यात गाळ-पाणी बसून तो चार-सहा दिवस बुडाला की शेंडा कुजतो, मग कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतात आणि उतारा घसरतो. असा ऊस जपत बसण्यापेक्षा लवकर गाळपाला लावलेला बरा. शेंडा हिरवा असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर घालवायचं, वाफसा येईपर्यंत रानात पाय टाकायचा नाही, खत नंतर. सोयाबीन चार दिवस पाण्याखाली राहिलं तर त्याचा नाद सोडावा आणि रब्बीची तयारी करावी. हळदीत कंदकूज दिसायला पंधरा दिवस लागतात, त्यामुळं पाला हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. निचरा झाल्याबरोबर आळवणी करावी. जनावरांची दावी मात्र पाणी वाड्यात शिरायच्या आधीच सोडायची. म्हैस पोहते, पण दाव्याला बांधलेली म्हैस पोहू शकत नाही. नेता आलं नाही तर निदान मोकळं सोडावं. परत आल्यावर खुरं पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या पाण्यानं धुवायची, घटसर्प-फऱ्याची लस झाली आहे का ते बघायचं, आणि भिजून तापलेला कडबा कितीही जीव तुटला तरी घालायचा नाही.

दुरुस्तीच्या वेळी खर्च कुठं करायचा यावर घरोघरी वाद होतात आणि बहुतेक वेळा टाइल्स जिंकतात. माझं मत विचाराल तर पहिला पैसा वायरिंगला. वायर जमिनीतून वर न आणता छतातून खाली सोडायची, प्लग चार-पाच फुटांवर घ्यायचे, आणि खालच्या प्लगांना वेगळी एमसीबी द्यायची, म्हणजे ती पाडून माळ्यावरचा दिवा लवकर सुरू करता येतो. दुसरा पैसा फर्निचरला: प्लायवूडचं कपाट पुन्हा करायचं नाही, लोखंडी किंवा सिमेंटच्या फळ्या, खाली उघडं. भाडेकरूला यातलं निम्मंही करता येत नाही, कारण भिंत त्याची नसते. त्याच्यासाठी दोन पत्र्याच्या पेट्या, माळ्याला दोन मजबूत हूक आणि वीस फूट नायलॉन दोरी, एवढंच हातात राहतं.

आणि सगळ्यांत आधी, रेघ पुसली जायच्या आत, एक खूण. आयर्विनजवळ पाणी अमुक फूट असताना आपल्या उंबऱ्याला लागलं आणि अमुक फुटाला पहिल्या फळीला, हे दोन आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतात आणि ते कुठल्याही अहवालात सापडत नाहीत. खडूनं किंवा पेन्सिलनं लिहिलं तर पुढच्या चुनकामात जातं. ऑइल पेंटनं लिहावं, पण सारवलेल्या किंवा गिलाव्याच्या भिंतीवर न लिहिता दगडी चौकटीवर, कारण भिंत पडू शकते. तारीख, वेळ, आयर्विनचा फूट, उंबऱ्यापासूनची उंची. पाणी चढतानाची वेगळी आणि उतरतानाची वेगळी, कारण उतरताना पुलाजवळ पाणी कमी दिसलं तरी मागच्या गल्लीत ते कोंडून राहतं. शेजारच्या दहा घरांनी असं लिहून ठेवलं तर पूररेषेच्या नकाशावर हरकत घेताना दाखवायला कागद तयार होतो, आणि पाणी चढायला लागलं की कुठल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना किती वाजता हलवायचं हेही त्यावरून ठरवता येतं.